वली की वेडा?

१९७४ चा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, फुलरटन नावाच्या शहरात, पंचेचाळीस वर्षांचा एक लेखक दाढदुखीने कळवळत होता. अक्कलदाढ काढून तो घरी आला होता आणि भूल उतरली होती. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन एक तरुणी दारात आली. तिच्या गळ्यातल्या सोनेरी साखळीत माशाच्या आकाराचं पदक होतं. हे काय आहे, असं त्याने विचारलं. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लोक ही खूण वापरत, असं तिने सांगितलं. पदकावर ऊन चमकलं आणि त्या क्षणी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्याला सगळं आठवलं. आपण खरे कोण आहोत ते आठवलं. भोवतालचं कॅलिफोर्निया हा नुसता वरचा पडदा आहे आणि त्यामागे अजून पहिल्या शतकातलं रोमन साम्राज्यच चालू आहे, असं त्याला दिसू लागलं.

या लेखकाचं नाव फिलिप के. डिक. नाव ओळखीचं नसलं तरी त्याच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या आहेत. ‘ब्लेड रनर’, ‘टोटल रिकॉल’, ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ हे सिनेमे त्याच्याच लिखाणावरून निघाले. १९८२ च्या मार्चमध्ये तो वारला. ‘ब्लेड रनर’ पडद्यावर आला तेव्हा त्याला जाऊन चार महिनेही झाले नव्हते.

इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी हा किस्सा मला ऐकवला आणि विचारलं, “खाला, ये आदमी वली था के पागल?” मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. विज्ञानकथा हा काही माझा प्रांत नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात एका दुसऱ्या माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याच्याकडे नंतर येते. आधी डिकबद्दल जे वाचलं ते सांगते.

माशाच्या पदकानंतर पुढचे काही आठवडे त्याच्यावर अनुभवांचा पाऊसच पडला. गुलाबी रंगाचा प्रकाशाचा झोत त्याच्या डोळ्यांवर येई आणि त्यातून माहिती डोक्यात उतरे, असं तो सांगायचा. रोमन काळातला टॉमस नावाचा एक ख्रिस्ती माणूस आपल्या मनात राहायला आला आहे, असं त्याला वाटे. त्याच प्रकाशाने एकदा त्याला सांगितलं, म्हणे, की तुझ्या तान्ह्या मुलाला जन्मापासून हर्निया आहे आणि तो कुणाच्या लक्षात आलेला नाही. मुलाला डॉक्टरांकडे नेलं. हर्निया निघाला, शस्त्रक्रिया झाली.

या सगळ्याचा अर्थ लावण्यात त्याची पुढची आठ वर्षं गेली. रात्र रात्र जागून त्याने सुमारे ८००० पानं लिहिली. त्याला तो ‘एक्झिजिसिस’ म्हणायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर तफसीर, भाष्य. त्यातला निवडक भाग त्याच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये, जाडजूड ग्रंथाच्या रूपात निघाला. एके दिवशी तो लिहितो की हा देव होता. मग लिहितो की ती परग्रहावरच्या उपग्रहाची यंत्रणा होती. कधी तो रशियन शास्त्रज्ञांचा दूरसंवेदनाचा प्रयोग ठरतो, कधी वारलेला एक बिशप मित्र, कधी आपल्याच मेंदूचा एरवी गप्प बसणारा अर्धा भाग. आणि कधी तो सरळ लिहितो की मला वेड लागलं आहे.

आता यावर दोन सोपी उत्तरं तयार आहेत आणि दोन्ही देणारे लोक भरपूर आहेत.

पहिलं उत्तर, माणूस आजारी होता. त्याला आधार आहे. त्याने वर्षानुवर्षं ॲम्फेटामाइनच्या उत्तेजक गोळ्या खाऊन भराभर कादंबऱ्या लिहिल्या. रक्तदाबाचा त्रास होता आणि शेवटी तो पक्षाघातानेच गेला. हा एक प्रकारचा अपस्माराचा आजार असावा, असा अंदाज त्याच्या चरित्रकाराने मांडला आहे. मनावरचे घाव तर जन्मापासूनचे होते. त्याची जुळी बहीण जेन सहा आठवड्यांची असताना गेली. आईबापांनी तिच्या थडग्याच्या दगडावर तिच्या नावाशेजारी त्याचंही नाव कोरून ठेवलं, मृत्यूची तारीख तेवढी मोकळी ठेवली. त्रेपन्न वर्षांनी त्याला तिथेच पुरलं.

दुसरं उत्तर, माणूस द्रष्टा होता. त्याच्या चाहत्यांमध्ये असं मानणारे कमी नाहीत. मुलाच्या हर्नियाचं काय, असं ते विचारतात. तो प्रश्नही एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. पण बाप रोज बाळाला उचलतो, अंघोळ घालतो. डोळ्यांनी टिपलेलं मनाला उशिरा कळणं हेही माणसाच्या बाबतीत घडतं.

मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. प्रकाश कुठून आला हे बाहेरच्या माणसाला कळायला काही मार्ग नाही. तो आला तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. आणि मेंदूत काहीतरी घडलं हे सिद्ध झालं तरी त्याने फारसं ठरत नाही, कारण माणसाला जे काही कळतं ते मेंदूतूनच कळतं.

आमच्या परंपरेत या वाटेवरून गेलेला एक मोठा माणूस आहे. इमाम गज़ाली बगदादच्या निज़ामिया मदरशात शिकवत होते. त्यांच्या शब्दाला त्या काळी दरबारातही वजन होतं. त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे की एका काळात त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, बुद्धीवरचा विश्वास उडाला होता. स्वप्नात सगळं खरंच वाटतं आणि जाग आल्यावर कळतं की ते काही नव्हतं. मग ही जाग तरी खरी कशावरून? डिकच्या कितीतरी कादंबऱ्यांत हाच प्रश्न आहे आणि गज़ालींनी तो त्याच्या साडेआठशे वर्षं आधी विचारला होता. पुढे १०९५ मध्ये त्यांची वाचा बसली. वर्गात उभं राहिलं तरी तोंडातून शब्द फुटेना, घास उतरेना. हा मनातून शरीरात उतरलेला आजार आहे, असं हकिमांनी सांगितलं. त्यांनी पद सोडलं, पैसा वाटून टाकला आणि बगदाद सोडलं. संशयातून आपण बाहेर आलो ते युक्तिवादाने नव्हे, अल्लाहने छातीत टाकलेल्या नूरमुळे, असं ते सांगतात. पण त्या नूरच्या जोरावर त्यांनी आपल्याला पुजा असं कुणाला सांगितलं नाही.

इथे आणखी एक आठवण सांगते, पण आधी एक खुलासा. प्रेषितांच्या (स.) वहीशी एका कादंबरीकाराच्या अनुभवाची तुलना करणं बेअदबी होईल. ती मी करत नाही. मी पाहते आहे ती हज़रत खदीजा यांच्याकडे. सही बुखारीतली रिवायत आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. पहिली वही आल्यावर प्रेषित (स.) हिरा गुहेतून थरथरत घरी आले, मला पांघरूण घाला म्हणाले, स्वतःच्या जिवाची भीती वाटते असं त्यांनी सांगितलं. तेव्हा खदीजांनी काय केलं? गुहेत नेमकं काय दिसलं याची उलटतपासणी त्यांनी केली नाही. तुम्ही नाती जपता, गरिबाचा भार उचलता, पाहुण्याला जेवू घालता, तेव्हा अल्लाह तुमची फजिती होऊ देणार नाही, असा धीर त्यांनी दिला. मग त्या त्यांना जाणत्या, वयस्क वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. म्हणजे आधी धीर दिला, आचरणाची साक्ष काढली आणि मग जाणकाराचा सल्ला घेतला. घरातल्या माणसावर असं काही गुदरलं तर कसं वागावं, याचा इतका साधा धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

हाच धडा धरून डिककडे पाहू. त्या अनुभवाचं त्याने काय केलं?

एका बाजूने पाहिलं तर त्याने जे केलं ते मला आदराचं वाटतं. त्याने पंथ काढला नाही, चेले जमवले नाहीत. वाचक त्याच्याकडे येत होते, नाव होतं, आणि तो काळ असा होता की कॅलिफोर्नियात रोज एक नवा गुरू उगवत होता. त्याला ते अवघड नव्हतं. त्याऐवजी तो आठ वर्षं स्वतःशीच भांडत बसला. १९८१ मध्ये आलेल्या ‘व्हॅलिस’ कादंबरीत त्याने स्वतःचे दोन तुकडे केले. प्रकाश पाहिलेल्या माणसाचं नाव ठेवलं हॉर्सलव्हर फॅट. फिलिप म्हणजे ग्रीकमध्ये घोड्यांवर प्रेम करणारा आणि डिक म्हणजे जर्मनमध्ये जाडा, त्यावरून हे नाव. दुसरा खुद्द फिल, जो या मित्राची गोष्ट सांगतो आणि त्याला वेड लागलंय असं म्हणतो. आपल्याच अनुभवासमोर आपल्यालाच शंकेखोर साक्षीदार म्हणून बसवायला धाडस लागतं. ज्याला खरंच काही भान उरलेलं नाही त्याला हे जमत नाही.

दुसरी बाजू मात्र कडू आहे. प्रकाशाबद्दल शंका घेणारा हा माणूस माणसांबद्दलच्या आपल्या संशयावर मात्र शंका घेत नसे. १९६३ मध्ये, म्हणजे गुलाबी प्रकाशाच्या दहा-अकरा वर्षं आधी, आपली तिसरी बायको ॲन आपल्याला मारून टाकेल असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने तिला मानसोपचाराच्या रुग्णालयात सक्तीने दाखल करवलं. काही दिवसांनी ती परत आली. वेडाच्या गोष्टी सांगताना आपण अशा बायकांना विसरतो. ज्याच्या मनात भीती बसली होती तो बाहेर मोकळा राहिला आणि जिची भीती वाटत होती ती आत गेली.

१९७४ च्या सप्टेंबरात त्याने एफबीआयला पत्र लिहिलं. पोलंडचा विज्ञानकथा लेखक स्टॅनिस्लाव लेम हा एक माणूस नसून कम्युनिस्टांची समिती आहे, असा त्याचा दावा होता. पुरावा काय, तर लेम वेगवेगळ्या शैलींत लिहितो. लेम खरा होता, क्राकोव्हमध्ये राहत होता, ‘सोलारिस’चा लेखक होता. एवढंच नाही, अमेरिकन विज्ञानकथा लेखकांवर सडकून टीका करणाऱ्या या लेमला त्या सगळ्यांत एकच माणूस खरा कलावंत वाटत होता आणि तो म्हणजे डिक. पुढच्याच वर्षी त्याने डिकच्या बाजूने लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला.

सूरह हुजुरातमध्ये एकाच आयतीत तीन गोष्टींना मनाई आहे: अवाजवी संशय, दुसऱ्यावर पाळत ठेवणं आणि पाठीमागे निंदा करणं. लहानपणी पाठ केलं तेव्हा या तिन्ही एकत्र का, ते कळलं नव्हतं. डिकचं ते पत्र वाचताना कळलं. एकातून दुसरी जन्म घेते. आधी मनात संशय येतो, मग त्या नजरेने आपण माणसाकडे पाहू लागतो आणि शेवटी त्याच्याविरुद्ध कुठेतरी अर्ज जातो.

तरीही त्याच्या भीतीला आधार नव्हता असं म्हणता येणार नाही. पन्नाशीच्या दशकात बर्कलेला असताना एफबीआयची माणसं त्याच्या घरी चौकशीला येत, कारण त्याची तेव्हाची पत्नी क्लिओ डाव्या वर्तुळात वावरत होती. सरकारविरोधी चळवळींत घुसून त्या आतून फोडण्याचा एफबीआयचा गुप्त कार्यक्रम १९५६ पासून चालू होता. १९७१ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका एफबीआय कचेरीतून कागद पळवले गेले तेव्हा तो उघड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिकचं स्वतःचं घर फोडलं गेलं. फायलींचं कपाट स्फोटकाने उडवलं होतं. कुणी केलं ते कधीच कळलं नाही. पोलिसांपासून ड्रगवाल्यांपर्यंत सगळ्यांची नावं त्याने घेऊन पाहिली आणि कधीतरी हे मीच केलं असेल का, असंही त्याला वाटलं. १९७४ च्या ऑगस्टमध्ये तर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाळत आणि घरफोडीच्याच प्रकरणात खुर्ची सोडावी लागली. अशा देशात, अशा वर्षी, आपल्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे असं वाटणं हे नुसतं वेड कसं म्हणायचं?

त्याची ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ ही कथा १९५६ ची. त्यात गुन्हा घडण्याआधीच, हा करणार आहे म्हणून, माणसाला पकडतात. अमेरिकेत ती कल्पना होती. आमच्या मोहल्ल्यात ती गोष्ट कुणाला फार समजावून सांगावी लागत नाही. इथूनच मी माझ्या मामूंकडे येते.

माझे छोटे मामू टेलर होते. १९९३ च्या धरपकडीच्या दिवसांत त्यांना एका रात्री चौकशीसाठी उचललं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून दिलं. गुन्हा नाही, नोंद नाही. मारलं नाही, असं ते सांगत. पण ते गप्प झाले. दुकानासमोर कुणी स्कूटर लावली तरी आत जाऊन बसत. काही महिन्यांनी एका पहाटे, फजरच्या नमाज़नंतर, दुकानाच्या भिंतीतून लख्ख उजेड येताना त्यांना दिसला. त्या उजेडाने काहीतरी सांगितलं, पण काय ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मग पावतीपुस्तकांच्या कोऱ्या पाठीवर ते उर्दूत लिहीत बसू लागले. गल्लीतल्या काही बायका लेकरांना दम करून घ्यायला त्यांच्याकडे आणू लागल्या. त्याच गल्लीतली पोरं त्यांना ‘पागल दर्ज़ी’ म्हणून खडे मारू लागली.

घरच्यांना घाव बसला तो वेगळाच. माझे अब्बा पोस्टात होते. मामूंच्या मनाने घेतलं की हाच माणूस सगळ्यांची पत्रं फोडून वाचतो आणि पोलिसांना खबर देतो. एका जुम्याला मशिदीत, सगळ्यांसमोर, त्यांनी तसं बोलून दाखवलं. अब्बा तेव्हा काही बोलले नाहीत. पण पुढची तीन-चार वर्षं ते नमाज़ला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मशिदीत जात राहिले. अम्मी एकाची बहीण होती आणि दुसऱ्याची बायको. तिचं काय झालं असेल ते मला आता, या वयात, थोडं कळतं.

त्या तीन-चार वर्षांत तावीज़ झाले, पढून आणलेलं पाणी झालं, दर्ग्यावरच्या जुमेराती झाल्या. दुआला माझा विरोध नाही, आजही मी करते. पण नुसत्या दुआवर सोडलेल्या माणसांचं काय होतं ते ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. तिथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जीव गेले. आणि हे आमच्या परंपरेला धरून होतं असंही नाही. दहाव्या शतकात अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलाऊनने बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. मनाचं दुखणं हे दुखणंच आहे आणि त्याला औषध आहे, हे आपल्या जुन्या लोकांना माहीत होतं. आपणच मध्ये कुठेतरी विसरलो.

शेवटी अम्मीनेच मामूंचा हात धरून त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. आठ-नऊ महिन्यांनी, ईदच्या सकाळी, मामू आमच्या दारात उभे होते. अब्बांनी शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. दोघं शेजारी बसून खात होते, कुणी माफी मागितली नाही की दिली नाही. वाटी खाली ठेवून मामू अम्मीला म्हणाले, “पोलिसां नै थे आपा, मान लिया मैं. मगर वो उजाला था.” अम्मी म्हणाली, “रहेगा. तू पैले गोली खा.”

अम्मी जेमतेम सातवी शिकलेली. डिकचं नाव तिने कधी ऐकलं नाही. पण आठ हजार पानांत तो जे शोधत होता त्याबद्दल तिच्याइतकं शहाणं बोलणं मी अजून वाचलेलं नाही. तिने भावाचा उजेड काढून घेतला नाही आणि त्या उजेडाच्या नावावर त्याची गोळीही चुकवू दिली नाही.

भाच्याला मी उत्तर दिलं ते असं. तो वली होता की वेडा हे अल्लाहला माहीत, आपल्याला ते ठरवायची गरजही नाही. उजेड पाहिल्याने कुणी मोठा होत नाही आणि आजारी पडल्याने कुणी लहान होत नाही. त्या उजेडाने तू बायकोशी, मित्राशी, शेजाऱ्याशी कसा वागलास, एवढंच आपण विचारू शकतो. डिक काही ठिकाणी चांगला वागला आणि काही ठिकाणी वाईट वागला. स्वतःवर शंका घेतली तिथे तो मला पूर्ण शहाणा दिसतो. दुसऱ्यावर खात्रीने बोट ठेवलं तिथे तो हरवलेला दिसतो, मग तिथे प्रकाश असो वा नसो.

तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर त्याच्याकडे दम करून घ्यायला रांग लावू नका आणि पोरांना खडेही मारू देऊ नका. त्याला डॉक्टरकडे न्या. सोबत बसा. तो सांगेल ते ऐका, पण त्याच्या संशयाला खतपाणी घालू नका. ज्याच्यावर त्याने आळ घेतला असेल त्याच्याही घरी जाऊन या, कारण तिकडे कुणीच जात नाही.

मामूंना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांची पावतीपुस्तकं अम्मीच्या लोखंडी पेटीत आहेत. मी ती वाचली आहेत. अर्ध्याहून जास्त नुसते हिशेब आहेत: किती मीटर कापड, किती बाकी. मधेमधे दुआ आहेत, भीती आहे, काही ओळींचा अर्थ लागत नाही. एका पानावर अब्बांचं नाव लिहून खोडलेलं आहे. ती पुस्तकं मी रद्दीत टाकलेली नाहीत.